आयतं मिळालेल्याची यादी

कोल्हापुरातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. वय ४४, शाळेत शिकवतात. तीन वर्षांपासून त्यांच्या गच्चीवर महिन्यातून दोन रविवारी वाचनकट्टा भरतो, अकरा जण येतात. या वर्षी त्यांनी ठरवलं, की कथा-कादंबऱ्या बाजूला ठेवून आत्मकथनं, लेख, भाषणं वाचायची. जात, धर्म, बाईपण, पैसा यांतून माणसाची ओळख कशी ठरते, कुणाला काय मिळतं आणि कुणाला काय नाकारलं जातं, ते समजून घ्यायचं. गटातले सगळे साधारण एकाच घडणीचे आहेत असं जाणवल्यावर त्यांनी ओळखीतल्या एका विद्यार्थिनीला मुद्दाम बोलावलं. ती विद्यापीठात एम.ए. करते, बौद्ध कुटुंबातली आहे. एका दलित आत्मकथनावर बोलणं चालू असताना कुणीतरी तिला म्हणालं, "तू सांग ना, तुमच्याकडं असंच होतं का?" तिनं थोडं सांगितलं. पुढच्या बैठकीत बाईंनी इंटरनेटवर पाहिलेला एक खेळ घेतला. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं. "तुमच्या आजोबांना लिहिता-वाचता येत होतं का?", "आडनाव न विचारता तुम्हाला भाड्यानं खोली मिळाली का?" असे प्रश्न. उत्तर हो असेल तर एक पाऊल पुढे. शेवटी बाकीचे कठड्यापर्यंत पोहोचले आणि ती मुलगी जिन्याच्या दाराशी एकटी उभी राहिली. कुणीतरी फोटो काढला, तो स्टेटसला लागला. "परीक्षा जवळ आलीय" असा मेसेज टाकून ती ग्रुपमधून बाहेर पडली.

बाईंची जवळची मैत्रीण म्हणते, "मी कधी कुणाला जात विचारलो न्हाई. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात हे उकरून काढायचंच कशाला?" आणखी एक सभासद चिडलेत. ते कागलकडचे, शेतकरी घरातले. "दोन एकर ऊस, सोसायटीचं कर्ज, आणि मला म्हणे सगळं आयतं मिळालं!" बाई विचारतात : त्या मुलीला फोन करून परत बोलवू का? हे वाचन बंद करून पुन्हा कादंबऱ्यांकडे वळावं का? आणि मैत्रिणीला काय सांगू?

ताई,

आधी तो फोटो. तुमच्या चार पानांच्या पत्रात त्याला अर्धी ओळ मिळालीय, मला मात्र पत्रातली सगळ्यात जड गोष्ट तीच वाटली. स्टेटस चोवीस तासांत गेलं असेल, पण फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये आहे, कदाचित कुणी पुढंही पाठवलाय. आज संध्याकाळपर्यंत दहाही जणांना एकेकट्यानं फोन करा आणि पुसायला सांगा. ग्रुपवर जाहीर सूचना टाकू नका, नाहीतर त्याच फोटोवर नव्यानं चर्चा सुरू होईल. बाकीचं आपण सावकाश बोलू.

आता तो खेळ. अमेरिकेत कॉलेजांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणांत तो बरीच वर्षं खेळला जातो, तिथून आपल्याकडं आला. त्याच्या मागे ज्या लिखाणाचा विचार आहे, ते मात्र अगदी वेगळं होतं. १९८८ साली पेगी मॅकिंटॉश नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एक निबंध लिहिला. गोरी असल्यामुळे रोजच्या जगण्यात आपल्याला काय काय न मागता मिळतं, याची त्यांनी यादी केली. ४६ गोष्टी निघाल्या. ही यादी त्यांनी स्वतःबद्दल केली होती. कुठल्याही काळ्या बाईला शेजारी उभं करून अंतर मोजलं नव्हतं. त्या यादीची शर्यत झाली तेव्हा कामाची वाटणीच उलटी झाली. जे पुढं गेले त्यांना मागं वळून बघितल्यावर कळलं, 'अरे, केवढं अंतर आहे!' त्यांना काहीतरी शिकायला मिळालं. जी मागे राहिली तिला त्यात नवीन काय मिळालं? ते अंतर ती लहानपणापासून ओळखते. दहा जणांच्या शिक्षणाचा खर्च तिच्या खात्यातून झाला.

तुमचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही. तसा असता तर तुम्ही पत्र लिहिलं नसतं. पण पत्रातल्या दोन-तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्यात, त्यांच्याकडं आपण जरा थांबून बघू या.

तुम्ही लिहिता, "गटात तिच्यासारखी एक व्यक्ती हवी असं वाटलं." तिच्यासारखी म्हणजे कशी? ती कविता वाचते का, वाद घालायला तिला आवडतं का, कुठल्या लेखकावर ती जीव टाकते, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. ती कुठल्या घरातली, एवढंच आहे. याचा अर्थ तिला बोलावलं तेव्हाच तिचं काम ठरून गेलं होतं. मग "तू सांग ना" हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता. कुणाला तो आपुलकीनं विचारल्यासारखा वाटला असेल. पण तुमच्यापैकी कुणाला आजवर कुणी विचारलंय का, "तुम्ही सांगा ना, तुमच्या घरात शिवाशिव कशी पाळायचे?" आत्मकथन वाचताना आपण सगळे सोसणाऱ्याचा शोध घेतो. त्याच पानावर विहिरीवरून हाकलणारा असतो, वरून पाणी ओतणारी बाई असते, चावडीवर बसलेले असतात. त्यांचे नातू-पणतू आज कुठं आहेत, हा प्रश्न वाचनकट्ट्यावर क्वचितच निघतो. ताई, ते तुमच्या गच्चीवर बसलेत. मीही त्यांच्यातलीच आहे, पुढं सांगते.

दुसरी गोष्ट. ती दुखावली, खचली, म्हणून गेली, असं तुम्ही धरून चाललाय. असेलही. पण कदाचित ती कंटाळली असेल. कदाचित तिनं हिशोब केला असेल, की या रविवारांपेक्षा परीक्षेचा अभ्यास बरा. किंवा खरोखरच परीक्षा असेल. तिच्या जाण्यातून आपण पुन्हा एक करुण कथा रचायला नको. तिनं जे कारण दिलंय ते मान्य करा.

म्हणून फोन नको. फोनवर समोरच्याला लगेच काहीतरी बोलावं लागतं आणि तिच्यासारखी मुलगी, तुम्ही वयानं मोठ्या आणि शिक्षिका म्हणून, "नाही हो मॅडम, तसं काही नाही" असंच म्हणेल. म्हणजे पुन्हा तुम्हाला सांभाळून घ्यायचं काम तिच्यावर. दोन-चार ओळी लिहून पाठवा. मी लिहिल्या असत्या तर अशा : "तो खेळ घ्यायचं मी ठरवलं होतं. त्यात तुला सगळ्यांसमोर एकटं उभं राहावं लागलं, वर फोटोही निघाला. हे माझ्याकडून चुकलं. फोटो सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावलाय. उत्तर द्यायची काही गरज नाही. परीक्षेला शुभेच्छा." एवढंच. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे शब्द घालू नका, त्यानं चूक तुमच्याकडून तिच्या वाटण्याकडं सरकते. 'पुन्हा ये' असंही लिहू नका. तिला यायचं असेल तर तिला जिना माहीत आहे.

कागलच्या तुमच्या सभासदांवर मला जरा जास्त वेळ थांबायचंय. त्यांच्या रागाला तुम्ही पत्रात 'आडमुठेपणा' म्हटलंय. मला तसं वाटत नाही.

आपल्या भाषेची गंमत नव्हे, खंत आहे बघा. न मागता मिळालेल्या अशा फायद्याला इंग्रजीत 'प्रिव्हिलेज' म्हणतात, आपण मराठीत विशेषाधिकार म्हणतो. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढं विधानसभा येते. साध्या बोलण्यात 'सवलत' असा शब्द आहे, पण तो आपण कुणासाठी वापरतो? आरक्षणातून आलेल्यांसाठी, आणि तोही टोमणा म्हणून. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलं त्यांच्या मिळण्याला मात्र वेगळी, गोड नावं आहेत. 'वाडवडिलांची पुण्याई.' 'घरचे संस्कार.' 'आपला माणूस आहे तिथं.' 'आडनावाला मान आहे.' तालुक्याच्या कचेरीत काम लवकर होतं, कारण 'पाव्हणं' निघतं. यातल्या एकाही गोष्टीला आपण सवलत म्हणत नाही. तुमच्या सभासदांनी रागाच्या भरात नेमका शब्द उच्चारला : आयतं. माझ्या मते तुमच्या कट्ट्यानं प्रिव्हिलेज सोडून द्यावा आणि हाच शब्द घ्यावा. मला काय आयतं मिळालं?

त्यांना दोन एकर ऊस आणि कर्ज मिळालं, हे खरं आहे. ऊसबिल वेळेवर न आल्यावर घरात काय होतं हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. पण सातबाऱ्यावर नाव होतं म्हणून सोसायटीनं कर्ज तरी दिलं. ज्याच्या नावावर कधी जमीनच नव्हती त्याला कर्जबाजारी व्हायलाही वेगळा दरवाजा शोधावा लागला. आणि कोल्हापुरात शिकायला आल्यावर त्यांना खोली मिळताना आडनावाची अडचण आली नसावी. एकाच माणसाच्या एका खिशात कर्जाची नोटीस असते आणि दुसऱ्या खिशात बिनबोभाट चालणारं आडनाव. दोन्ही खिसे त्याचेच. तो खेळ मात्र माणसाला एकाच ओळीत पुढं-मागं उभं करतो, म्हणून त्यांना वाटलं की आपलं कर्ज कुणी मोजलंच नाही. खेळाच्या प्रश्नांत उसाचा प्रश्न नव्हता, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या गावातच आहे. शाहू महाराज छत्रपती होते, संस्थान त्यांचं होतं. तरी पंचगंगेवर कार्तिक स्नानाच्या वेळी पुरोहितानं त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायचं नाकारलं, पुराणोक्त म्हटले, कारण त्याच्या लेखी राजा शूद्र होता. वेदोक्त प्रकरण म्हणून आपण ते शाळेत शिकलोय. हाती सत्ता असलेल्या माणसाचाही जातीवरून अपमान होऊ शकतो. पण महाराजांच्या बाबतीत मला पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वतःचा अपमान त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. २६ जुलै १९०२ ला त्यांनी हुकूम काढला, की संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे त्या मागासलेल्यांत होते. तुमच्या सभासदांना हे सांगा. १९०१ सालचं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग असेल, पुढं मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी निघालेली वसतिगृहं असतील, घराघरांतला पहिला शिकलेला माणूस कुठल्या ना कुठल्या अशाच आधारानं वर आला. त्यांच्या घरातला पहिला शिकलेला कोण, तो कुठं राहून शिकला, त्याच्या जेवणाचे पैसे कुणी भरले, हे त्यांनी घरी विचारून यावं. भांडण न करता 'आयतं' या शब्दाकडं जायची ही वाट आहे.

आणि तुमची मैत्रीण म्हणते ते, 'शाहू महाराजांच्या कोल्हापुरात.' हे वाक्य मी या शहरात इतक्या वेळा ऐकलंय! बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे १९५० साली बसले, बाबासाहेब हयात असताना. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असावा. पण ज्या गावात सुधारणा झाली, त्या गावात ती करायची वेळ का आली होती, हेही सांगावं लागतं. गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरातल्या बहुतेकांनी ऐकलेली असते. महाराजांच्या पदरी कामाला असलेल्या गंगारामना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. मारणारेही राजवाड्यातलेच नोकर, कुठले परके नव्हते. महाराजांनी गंगारामना चहाचं हॉटेल काढून दिलं, सत्यसुधारक नावाचं. तिथं सवर्ण फिरकेनात. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे.

या गोष्टीत आपण 'राजानं दलिताच्या हातचा चहा घेतला' इथं थांबतो आणि टाळ्या वाजवतो. मला त्यातली कामाची वाटणी बघावीशी वाटते. गंगारामनी आपलं दुःख आपणहून, ज्याच्याकडं दाद मागायची त्याच्यापाशी मांडलं. ते ऐकल्यावर अवघड काम महाराजांनी अंगावर घेतलं, आणि ते काम होतं आपल्याच माणसांची सवय मोडायचं. गाडीतल्या मानकऱ्यांना तो कप हातात घ्यावा लागला, अडचण त्यांची झाली. तुमच्या गच्चीवर ती मुलीची झाली. वाचनकट्ट्यावर जे काही कराल, त्यात अडचण कुणाच्या वाट्याला येतेय, हे प्रत्येक वेळी तपासा.

आता वाचन बंद करायचं का? मुळीच नाही. कादंबऱ्या म्हणजे निरुपद्रवी, हेही मला पटत नाही, पण तो वेगळा विषय. वाचन चालू ठेवा, फक्त काय वाचायचं आणि कुठल्या जागेवरून वाचायचं ते बदला.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं १९३६ सालच्या आपल्या परिषदेत अध्यक्षीय भाषण करायला बाबासाहेबांना बोलावलं. भाषणाचा मसुदा वाचून मंडळ बिचकलं आणि परिषदच झाली नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. जातीच्या निर्मूलनावरचं ते भाषण मराठीतही सहज मिळतं. मी ते का सांगतेय? ते लिहिलं गेलं सवर्ण सुधारकांसाठी, ज्यांना जात मोडावी असं मनापासून वाटत होतं, पण ठराविक हद्दीपर्यंतच. म्हणजे ते भाषण थेट तुमच्या गच्चीवर बसलेल्यांना उद्देशून आहे. ते वाचताना 'तू सांग ना' म्हणायला कुणी लागणारच नाही. एका बैठकीत दोन-चार पानंच घ्या, मोठ्यानं वाचा आणि प्रत्येकानं आपण कुठल्या वाक्याला मनात 'पण' म्हणालो ते पेन्सिलीनं खूण करून ठेवावं. चर्चा त्या 'पण'वर करा.

मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीनं १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध लहान आहे, एका बैठकीत पुरा होतो. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ ची, तीही घ्या, गटातल्या पुरुषांना पेन्सिल उपयोगी पडेल. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावात आहे, पुस्तकांचा शोध तिथून सुरू करा. दलित आत्मकथनं तर वाचाच. फक्त एक नियम करा. पुस्तकात जे लिहिलंय त्यापेक्षा जास्त दुःख गटातल्या कुणाकडूनही मागायचं नाही. लेखकानं आपलं आयुष्य कागदावर मांडून आपला वाटा उचललाय.

खेळाऐवजी काय करावं, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न. बोलण्यापेक्षा हातानं काहीतरी केलं की माणसं मोकळी होतात, हे तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. मला जे सगळ्यात उपयोगी वाटलं ते सांगते. पुढच्या वेळी सगळ्यांना एकेक कोरा कागद द्या आणि आजोळच्या किंवा गावाकडच्या घराचा नकाशा काढायला सांगा. पुढचा सोपा, माजघर, चूल, देव्हारा, न्हाणी, गोठा, मागचं परडं. चित्र चांगलं यायची गरज नाही. मग तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. घरात कामाला येणारी, धान्य न्यायला येणारी, भांडी विकायला येणारी माणसं कुठपर्यंत यायची, तिथं एका रंगाची रेघ. घरातल्या बायका कुठं बसून जेवायच्या, पाळीच्या दिवसांत कुठं बसायच्या, विधवा आत्या समारंभाच्या दिवशी कुठं असायची, तिथं दुसरा रंग. आणि तुम्हाला स्वतःला कुठं जायला मनाई होती, तिथं तिसरा. एकाच कागदावर आपण अडवलेलंही दिसतं आणि अडवले गेलेलंही. तुमच्या कागलच्या सभासदांचे दोन खिसे मी म्हणाले ना, ते इथं शेजारी-शेजारी येतात, आणि कुणाला कुणाच्या पुढं-मागं उभं राहावं लागत नाही.

मी हे एका शिबिरात केलं तेव्हा चाळिशी उलटली होती. माझं आजोळ गडहिंग्लजकडचं. परडं काढताना मी भिंतीत एक कोनाडा काढला आणि हात आपोआप त्यात एक कपबशी काढायला गेला. कान तुटलेला कप, पालथा घातलेला. लहानपणी मला वाटायचं, फुटका म्हणून बाहेर ठेवलाय. त्या दिवशी पेन्सिल हातात असताना आठवलं, की त्यातून चहा कोण प्यायचं. एक म्हातारे गृहस्थ यायचे, आजी त्यांना वरून चहा ओतायची, ते कप विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचे. मी आजीला त्यांच्याशी अतिशय प्रेमानं बोलताना ऐकलंय. त्यांच्या मुलांची ती चौकशी करायची, सणाला पोळी द्यायची. आणि कप कोनाड्यात. त्यांचं नाव मला आठवेना. सगळे त्यांना एकेरीत हाक मारायचे, मीसुद्धा, सात-आठ वर्षांची पोर. माझ्या आयत्या मिळालेल्या गोष्टींच्या यादीत ही हाक मी सगळ्यात वर लिहिली.

नकाशे झाल्यावर दाखवायची सक्ती करू नका. ज्याला बोलायचंय तो बोलेल, ज्याला नाही तो कागद घडी घालून घरी नेईल, आणि 'का नाही बोलला' असं कुणी विचारायचं नाही. एखाद्याला घरी जाऊन आईला, मावशीला काही विचारावंसं वाटेल. पंधरा दिवसांनी ते सापडलेलं लिहून आणू द्या. शाळेत आपण हस्तलिखित काढायचो, तसं कट्ट्याचं एक काढा. नावं न घालता, एकाच्या हस्ताक्षरात सगळ्यांचे मजकूर. स्टेटसला काही जाणार नाही, हे सुरुवातीलाच ठरवून टाका.

गटात नाटकाची हौस असेल, आणि कोल्हापुरात ती असतेच, तर दहा मिनिटांचा प्रवेश करा. १९११ साली इथं सत्यशोधक समाज उभा राहिला, त्या काळात या भागात जलसे व्हायचे. लोकांना हसवत, गाणी म्हणत विचारात पाडायची ती रीत आपलीच आहे. प्रवेश खोली भाड्यानं देण्याचा घ्या. पण नकार मिळणाऱ्या मुलीचं काम कुणालाच देऊ नका. ती फोनच्या पलीकडं असू द्या, तिचा आवाज ऐकूच येणार नाही. स्टेजवर फक्त घरमालकीण. "गाव कुठलं?... हां... आडनाव काय म्हणालीस?... बरं... नाही गं, खोली कालच गेली." शेजारी चहा घेत बसलेली तिची जाऊ, अभ्यास करणारा मुलगा, भाजी निवडणारी शेजारीण. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांनी एक पद्धत रुजवली, प्रवेश पुन्हा सुरू करायचा आणि बघणाऱ्यानं उठून एखाद्या पात्राची जागा घेऊन गोष्ट बदलायचा प्रयत्न करायचा. तुम्ही जावेची, मुलाची, शेजारणीची जागा घ्या. फोन ठेवल्यावर मुलगा काय म्हणू शकतो? शेजारणीनं काय म्हटलं तर मालकीण पुन्हा फोन लावेल? करून बघा, तोंडातून वाक्य बाहेर पडायला किती जड जातं ते कळतं. आणि एकदा गच्चीवर म्हणून झालं, की खऱ्या घरात म्हणायला जरा सोपं जातं.

ज्यांच्या रूढी त्यांनीच बसून मोडायच्या, याचं ताजं उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. राज्य सरकारनंही मग इतर गावांना तसं करायला सांगितलं. ठराव झाला म्हणून प्रत्येक घर एका रात्रीत बदलत नाही. पण एकट्या विधवेनं उभं राहून आपलं दुःख सांगावं आणि बाकीच्यांनी हळहळावं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. बांगड्या फोडणारे हात ज्यांचे, ते हात ग्रामसभेत वर झाले.

हे मी तुमच्याबरोबरच कॉलेजात, महिला मंडळात, ऑफिसच्या प्रशिक्षणात असे कार्यक्रम घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. पावलांचा खेळ घ्यायचाच असेल तर प्रश्न कागदावर द्या, प्रत्येकानं आपापल्या जागी बसून खुणा कराव्यात, बेरीज कुणी कुणाला सांगू नये. गटात एखाद्या समाजाची एकच व्यक्ती असेल, तर त्या दिवशी त्या समाजावरचा प्रश्न तिच्याकडं बघून विचारू नका, नुसती नजरही तिकडं वळते, ती आवरा. आणि नवीन माणसं जोडायची असतील तर एकाला बोलावून 'आमच्यात ये' म्हणण्यापेक्षा, त्यांचा जिथं आधीच वाचनाचा गट चालतो तिथं श्रोता म्हणून जाऊन बसा. दोन-तीन वेळा, काही न बोलता.

राहिली तुमची मैत्रीण. "मी कधी कुणाला जात विचारलो न्हाई" हे ती खोटं बोलत नाहीये. तिला विचारावी लागली नाही, कारण तिच्या भोवतालची सगळी माणसं आधीच निवडून आलेली होती. पण हे तुम्ही तिला समजावून सांगू नका. वाद घातलात तर ती कट्टा सोडेल आणि तुमच्याशी तीस वर्षांचं बोलणं तुटेल. तिला काही पटवायचंच नाही, असं ठरवा. तिला तुमच्या शेजारी बसवा, कागद द्या आणि तिच्या माहेरच्या घराचा नकाशा काढायला सांगा. सोपा काढेल, माजघर काढेल, देव्हारा हौसेनं सजवेल. परड्यापाशी आली की तिचा हात थोडा थांबेल. त्या वेळी तुम्ही काही बोलू नका. चहा टाकायला खाली जा.